उल्बोसिन अपाची जावा

तोक्तारपुढे एखादं बंद पडलेलं इंजिन आणून ठेवा, तो दोन दिवस जेवणखाण विसरेल. माणूस आणून ठेवलात तर तो डोक्यावरची टोपी सारखी करेल, आभाळाकडे बघेल आणि बॉयलर विझला असेल असं काहीतरी पुटपुटत चालू पडेल. बॉयलर गावच्या शाळेचा. सरकारी मेंढीफार्म बुडाला तेव्हा तिथलं ट्रॅक्टरचं वर्कशॉपही बुडालं. उचलण्यासारखं होतं ते लोकांनी आठवडाभरात आपापल्या घरी नेलं. तिथला मुख्य मेकॅनिक असून तोक्तारने एक पाना नेला नाही, म्हणून त्याच्या बायकोने, राबिगाने, त्याला वर्षभर ऐकवलं. तेव्हापासून तो हिवाळाभर शाळेत कोळसा टाकतो आणि उन्हाळाभर गावाचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करतो. मूलबाळ नाही. एक बहीण होती, ती गेली. तिचा मुलगा दाउरेन कारागांदीला टॅक्सी चालवतो.

साठीला आला तेव्हा तोक्तारच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाल्काशच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की उशीर झालाय, कडेकडेने अंधारत येईल, एखादं वर्ष मिळालं तर मिळालं. तो घरी आला, राबिगाला सांगितलं, चहा प्यायला आणि बॉयलरवर गेला. तिकडे कोळशाच्या ढिगावर बसून त्याने काय विचार केला असेल तो असेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारच्या म्हाताऱ्या उल्बोसिनच्या दारात उभा होता. अपा, म्हणजे मोठी बाई, असं सारं गाव तिला म्हणायचं. त्याला तिची जावा हवी होती.

ही जावा साऱ्या गावाला ठाऊक होती, जरी ती निम्म्या गावाने पाहिलेली नव्हती. अपाचा नवरा अमानताय हा फार्मचा मेंढपाळ. एका वर्षी त्याच्या कळपात कोकरं इतकी झाली की वरच्यांनी खूश होऊन त्याला लाल रंगाची नवीकोरी फटफटी बक्षीस दिली. आता मेंढपाळाला फटफटी चालवता कुठून येणार? म्हणून ती आणायला शहरात तोक्तारला पाठवलं. तोक्तार नुकताच सैन्यातून सुटून आला होता. अमानतायला मागे बसवून तो सरोवराच्या काठाकाठाने, मग डावीकडे टेकड्यांतून, असा दिवसभर गाडी हाकत गावात आला. अमानताय सगळा वेळ त्याचा पट्टा धरून देवाचं नाव घेत होता. पुढे अमानताय स्वतः शिकला, एकदा पडला, पाय मोडून घेतला आणि गाडीला नमदा पांघरून मेंढ्यांच्या गोठ्यात ठेवून दिली. ती तिथेच राहिली. जुनं सरकारी राज्य गेलं, अमानताय गेला, भंगारवाले तीनतीनदा येऊन गेले, अपाने कुणाला गोठ्याचं दार उघडू दिलं नाही. मीटरवर हजार किलोमीटरही पुरे झालेले नव्हते, आणि त्यातले बरेचसे तोक्तारचेच होते.

त्याच रस्त्याने एकदा जायचं, उलट दिशेने, टेकड्या संपल्यावर सरोवर एकदम समोर येतं तिथपर्यंत. दिसतंय तोवर. बस, एवढंच त्याला हवं होतं. ट्रकच्या टपावरून किंवा कुणाच्या मोटारीतून ते तो कधीही बघू शकला असता, पण माणसाच्या हट्टाला असं कारण विचारायचं नसतं.

अपा पैसे घ्यायला तयार नव्हती. "पैसे आले की अल्माटीत माझ्या बेक्झातला वास लागतो," ती म्हणाली. "फोन करून मागून घेतो, आणि आईची तब्येत विचारायचं राहूनच जातं. तू मला हिवाळ्याचं मांस दे. ती तुझी तपकिरी घोडी दे."

तोक्तारकडे दोनच घोड्या होत्या, आणि तपकिरी त्यातली चांगली. त्याने दिली. पहिला बर्फ पडल्यावर अपाच्या अंगणात घोडी कापली, वाटे झाले, शेजारपाजार जेवला. आणि सौदा कुणाला माहीत नसल्यामुळे गावाने तोक्तारची तोंडभरून स्तुती केली. निराधार म्हातारीला घोडी देणारा माणूस! नमाज पढवणाऱ्या म्हाताऱ्या कोझाबेकने तर सगळ्यांसमोर हात उंचावून त्याला दुवा दिली. तोक्तारने टोपी सारखी केली आणि गप्प बसला. खरं सांगायला तेव्हा फक्त तोंड उघडायचं होतं. पण न केलेल्या पुण्याची स्तुतीही कानाला गोड लागते, तो तरी काय करणार.

गप्प बसायला दुसरं कारण होतं, आणि खरं कारण तेच होतं. दाउरेन.

आमच्याकडे भाच्याला मामाच्या घरातून तीन वेळा मनाला येईल ती वस्तू उचलायचा हक्क असतो. त्याने बोट दाखवलं की मामाने द्यायची, कपाळाला आठी न घालता. भाच्याला नाही म्हणणाऱ्याचे हात थरथरायला लागतात असं म्हणतात, आणि मेकॅनिकचे हात थरथरले की उरलं काय? दाउरेनने पहिल्यांदा बोट दाखवलं ते तोक्तारच्या शिकारी कुत्रीकडे. आठवड्याच्या आत ती कुणा शहरी शिकाऱ्याच्या मोटारीत बसून गेली. दुसऱ्यांदा आजोबांचं चांदीच्या पट्ट्यांचं खोगीर. ते आता कारागांदीच्या एका हॉटेलात भिंतीवर टांगलंय, खाली लोक कबाब खातात. पोरगा वाईट नव्हता. हसरा होता, मामीसाठी दर खेपेला चहापत्ती आणायचा. पण वस्तू त्याच्या हातात टिकत नसे. आणि तिसरी खेप अजून शिल्लक होती. शहरात जुन्या जावांसाठी लोक कसे वेडे झालेत हे टॅक्सीवाल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून तोक्तारने जावा आपल्या गोठ्यात आणली ती गवताच्या घसरगाडीवर, गवताखाली झाकून, भर दुपारी. कुणाला संशय आला नाही. मग तो गोठ्यात शिरला तो जवळजवळ बाहेर आलाच नाही.

पिस्टन दोन्ही जाम होते. त्याने प्लग काढून आत घासलेट आणि तेल ओतलं आणि मग रोज सकाळी तो किकचा दांडा नुसता दाबून बघायचा, जोर न लावता, आजाऱ्याची नाडी बघावी तसा. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केला होता. टाकीत गंज. त्याने त्यात मूठभर नट टाकले, राबिगाच्या जुन्या शालीत ती टाकी गुंडाळली आणि हलवत बसला. राबिगा म्हणाली की पोर असतं तर एवढं जोजवलं असतं का कुणास ठाऊक. हे ती हसत म्हणाली, पण मग बराच वेळ चुलीजवळच उभी राहिली.

एका सकाळी दांडा हलला. केसभर हलला, मग बोटभर. तोक्तारने घरात येऊन सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्याने दोनदा रस्सा मागून घेतला. अडचण राहिली सीलांची. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे रबरी ऑइल सील वाळून कडक झाले होते, आणि ते धड नसले की हे इंजिन वारा ओढतं, धूर ओकतं, पण धावत नाही. ते गावात मिळणार नव्हते, बाल्काशलाही नाही.

आणि भर जानेवारीच्या वावटळीत दाउरेन आला. वाटेत भेटलेल्या कोझाबेकला त्याने गाडीत घेतलं होतं, दोघेही चहाला बसले. चुलीला कोळसा हवा म्हणून मामीला उठू न देता दाउरेन स्वतः गोठ्याकडे गेला. तोक्तार उठेपर्यंत उशीर झाला होता. पोरगा परत आला तो कोळशाशिवाय, आणि डोळे असे चमकत होते की राबिगाने नवऱ्याकडे बघायचंच टाळलं.

"मामा, गोठ्यात ती लाल म्हातारी कोण झोपलीय?"

"उल्बोसिन अपाची आहे," तोक्तार म्हणाला.

"मग तुझ्या गोठ्यात काय करतेय?"

"अमानतायची आठवण. चालू करून दे म्हणाली."

"मामा, खोटं बोलताना तू टोपी सारखी करतोस."

सगळे हसले. दाउरेनने हसतहसतच पुढे अंथरलेल्या दस्तरखानावरचा नान उचलून मामापुढे धरला. "हे घे, हातात धर आणि सांग."

त्याने हे थट्टेत केलं होतं. पण नान पुढे आल्यावर कोझाबेकने पेला खाली ठेवला आणि तो तोक्तारकडे बघायला लागला. नानावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याला नान सोडत नाही, त्याचे डोळे काढतो, हे आमच्याकडे दुधाबरोबर पाजतात. तोक्तारला अजूनही हसून उडवता आलं असतं. शेजारणीच्या गाडीसाठी म्हातारबुवांसमोर नान कशाला, असं म्हणता आलं असतं. पण बोलण्यात तो कधीच चपळ नव्हता. त्याने नान हातात घेतला.

"अपाचीच आहे," तो म्हणाला.

संपलं. दाउरेनचा चेहरा पडला, मग पुन्हा खुलला, कारण म्हातारीच्या नवऱ्याची आठवण मामा फुकट दुरुस्त करतोय हे ऐकून त्याला अभिमानच वाटला. सीलांची अडचण कळल्यावर त्याने मापं लिहून घेतली आणि दोन आठवड्यांनी अल्माटीहून मागवलेले सील, दोन प्लग आणि पॉइंटचा जोड आणून दिला. तोक्तार पैसे द्यायला लागला तर पोरगा चिडला. अपाच्या कामाला मी पैसे घेऊ होय, म्हणाला. तोक्तारला ते सील हातात धरवेनात.

तो अपाकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. ती खोकेपर्यंत हसली. मग नानाचं ऐकून तिने हसणं आवरलं. "वेडा आहेस," ती म्हणाली. "मे महिन्यात कोझाबेककडे घोड्या दुधाला बांधतील, त्यांचं दूध आंबवून केलेल्या पहिल्या कुमिसला सगळं गाव जमेल. तिथे मी उभी राहून सांगते, गाडी याची, मीच याला खोटं बोलायला लावलं. माझ्या म्हातारपणाला कोण काय बोलणार? तोवर तुझ्या भाच्याला दुसरं काहीतरी गळ्यात मार."

हा दुसरा भाग राबिगाने अंगावर घेतला. दाउरेन आला की ती कोल्ह्याच्या कातड्याची टोपी सहज म्हणून खुंटीवर दिसेलशी टांगायची. सासूचा गालिचा झटकायला काढायची. एकदा तर चहाच्या पाण्याचा पितळी समोवार घासूनपुसून त्याच्या अगदी नाकासमोर ठेवला आणि म्हणाली की हल्ली असले मिळत नाहीत. दाउरेन सगळ्याची तारीफ करायचा आणि काहीच मागायचा नाही. तिने शेवटी न राहवून विचारलंच, तेव्हा म्हणाला, "तिसरं मी राखून ठेवलंय, मामी." कशासाठी ते सांगितलं नाही. तोक्तारच्या मनात त्याचं एकच उत्तर होतं.

मार्चच्या शेवटी इंजिन सुरू झालं. दांडा आत दाबून मागे वळवायचा आणि लाथ मारायची, तोच दांडा पुढे गिअरचा होतो. तोक्तारचा पाय इतक्या वर्षांत हे विसरला नव्हता. आधी निळा धूर, मग एक खोकला, मग ती बोलायला लागली. गाव गोळा झालं. तो अपाला हाताला धरून घेऊन आला, स्टुलावर बसवलं. तिने बराच वेळ ऐकलं. आवाज तोच आहे, म्हणाली, फक्त यावर बसून शिव्या देणारा राहिला नाही.

एक चक्कर मारून ये असं सगळेच म्हणत होते. रस्त्यात चिखल आहे, असं तोक्तारने सांगितलं. चिखल होताच, पण तो काही मोठा नव्हता. खरी गोष्ट अशी की चोरल्यासारखं बसायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. नानावरचं खोटं अपा उतरवेल, मग बसायचं, आपल्या गाडीवर आपण. एप्रिलमध्ये रस्ते वाळले. टेकड्यांवर ट्यूलिप आले. तोक्तारला आता समोरचं दिसे, पण बाजूने आलेला माणूस अंगावर आल्याशिवाय कळत नसे. कधी वाटे नानच काम करतोय, कधी वाटे डॉक्टरीणबाई बरोबर होत्या. तो रोज गाडी पुसायचा आणि मेची वाट बघायचा. असला सरळपणा काय कामाचा? पण तो तसाच होता.

एप्रिल संपायच्या आत उल्बोसिन अपा गेली. झोपेतच गेली.

बेक्झात अल्माटीहून छोटा ट्रक घेऊन आला, आईचं सामानसुमान न्यायचं म्हणून. दाउरेनही आला होता, म्हातारीला तोही अपा म्हणायचा. जनाज्याच्या आधी पुरुष रांगेत उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणे मुलाने विचारलं की माझ्या आईकडे कुणाचं काही येणं असेल तर आता बोला, मी फेडेन, आणि आईचं काही कुणाकडे असेल तर तेही आताच सांगा, म्हणजे तिला हलकं होऊन जाऊ दे. कुणी काही बोललं नाही. म्हातारीकडे होतं तरी काय?

मग दाउरेन बोलला. अगदी अदबीने, आणि त्याच्या आवाजात मामाचं कौतुक होतं. "अपाची जावा माझ्या मामाकडे आहे. हिवाळाभर खपून चालू केलीय त्याने. एक पैसा घेतला नाही."

सगळ्या माना वळल्या. तोक्तारला कडेची माणसं दिसत नव्हती, पण समोर कोझाबेक दिसत होता, आणि त्याच्याशेजारी दाउरेन. मी विकत घेतलीय, असं म्हणायचं. मग गावाने दुवा देऊन वाटलेली घोडी म्हणजे किंमत होती हे कळणार. मग नान खोटा. मग साक्षीदार कोण, तर समोर पांढऱ्या कापडात. आणि एवढं सगळं करून गाडी आपली ठरली, की भाचा आहेच, तिसरी खेप घेऊन उभा. तोक्तारने असं रांगेने मांडलं असेल असं मला वाटत नाही. त्याला एवढंच सुचलं असावं की आता एकच वाक्य असं आहे, जे बोललं तर नान खरा ठरतो.

"हो," तो म्हणाला. "अपाचीच आहे."

यावेळी त्याने टोपीला हात लावला नाही.

माती दिल्यावर बेक्झात घरी आला. भला माणूस, हात हातात घेऊन आभार मानले, मेहनतीचं काय द्यायचं ते विचारलं. काही नाही, म्हणाला तोक्तार. गाडी बघून बेक्झातचे डोळे भरून आले. ऑफिसात दाराजवळ ठेवणार, म्हणाला, बाबांची आठवण, वर दिवा लावणार. चालवणार नाही. चालवायचं काय कामच नाही, आपल्याला येतही नाही. तेलाचा डाग फरशीवर पडू नये म्हणून टाकी तेवढी रिकामी करून घेईन.

ट्रक कुंपणाबाहेर उभा होता. फळी लावली. गाडी जड होती, तेव्हा तिघाचौघांनी ढकलण्यापेक्षा काका, तुम्हीच चालू करून वर चढवा, असं बेक्झात म्हणाला.

राबिगा दारात उभी होती. ती आत गेली.

तोक्तारने गोठ्यात जावा उभी केली, लाथ मारली. पहिल्याच लाथेत ती बोलली. गोठ्यापासून ट्रकपर्यंत म्हणजे आवारातून एक वळसा. त्याने पहिला गिअर टाकला. मग, गरज काहीच नव्हती, चार हात जागा होती फक्त, तरी त्याने दुसरा टाकला. वारा जरासा लागला चेहऱ्याला. कुंपणाच्या फटीतून तो रस्ता दिसत होता, सरळ, वाळलेला, टेकड्यांकडे गेलेला. मग ब्रेक दाबून पुन्हा पहिला, आणि फळीवरून वर. बेक्झातने दोर बांधले. मीटरवरचा आकडा हललाही नव्हता.

ट्रक निघाला. अल्माटीला जायचं तर आधी टेकड्यांतून सरोवराकडे उतरावं लागतं, मग काठाकाठाने. तोक्तार आणि दाउरेन भिंतीला टेकून बसले.

"गेला का?" थोड्या वेळाने तोक्तारने विचारलं.

"कुठे गेला? हा काय, समोर तर दिसतोय," दाउरेन म्हणाला. मग त्याने मामाकडे वळून बघितलं.

ट्रकचा आवाज मावळल्यावर तोक्तार म्हणाला, "ती माझी असती, तर मागितली असतीस?"

"जावा?" दाउरेनने काडी उचलून दातात धरली. "मागावीशी वाटली असती. पण नसती मागितली."

"का?"

"तिसरं मागून संपवलं की मी या घरचा कोण? आई आहे का आता? मग पाहुण्यासारखं निरोप पाठवून यायचं. त्यापेक्षा राहू दे शिल्लक. मरेपर्यंत राहू दे."

पोरगा खरं बोलतोय की मातीवरून आलेल्या दिवसाचं गोड बोलतोय, ते तोक्तारला चेहऱ्यावरून ओळखता आलं नसतं. पोरगा शेजारी बसला होता, आणि शेजारचं आता दिसत नव्हतं.

"नान हातात घेऊन सांगशील?" त्याने विचारलं.

दाउरेन हसला. "सांगेन की. आण नान."

घरात सकाळचा नान होता. तोक्तार उठला नाही.